एक अ जास्तीचा

दगड आत्यानेच वाचला, आणि चुकीचा वाचला. म्हणजे बरोबर वाचला. सगळा घोळ तिथेच झाला.

थोरल्याने वरचं गोणपाट एका झटक्यात ओढलं. धूळ उडाली, सगळे मागे सरकले, आणि आत्या मात्र पुढे झाली. चर्चमध्ये वाचनाला उभी राहून तिची हयात गेली. माईक नको म्हणते. माईकला माझा आवाज झेपत नाही म्हणते. तिने छाती भरून श्वास घेतला आणि वाचलं,

"सर्वसमर्थाचे घर!"

"आमेन," पाळक म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

बाबा स्टुलाला टेकून उभे होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून खिशात ठेवला होता. लोंबताना दिसलेला त्यांना चालत नाही. तोंडाची एक बाजू हसत होती आणि दुसरी बाजू आपली शांत. पण त्या एका बाजूत एवढा रुबाब होता की दोन बाजू असत्या तर वर्कशॉपात मावला नसता.

या गावात त्यांना टाकी म्हणतात. पाण्याची नाही, दगडावर अक्षरं कापायची. आजोबांनाही टाकीच म्हणायचे. जुन्या चर्चच्या दारावरचा दगड आजोबांचा होता, आणि कबरस्तानात तर पहिल्या फाटकापासून शेवटच्या भिंतीपर्यंत याच घराची अक्षरं. आत्या म्हणते, आमची निम्मी गिऱ्हाइकं झोपलेलीच असतात, म्हणून तक्रार नाही. पण ते गमतीने. खरं सांगायचं तर तक्रारीला जागाच नव्हती. या घरातून चुकलेलं अक्षर कधी बाहेर गेलं नाही. आजोबांच्या हातून नाही, बाबांच्या हातून नाही. ही या घराची खरी इस्टेट.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा बाबांची उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. नंतर शब्द परत आले, पण उलटे. चहा गरम असला की 'गार' म्हणायचे. खिडकी उघडायची असली की 'लाव'. आधी सगळे रडले, मग सवय झाली, मग घरात नियमच पडला: बाबांचं उलटं धरायचं. पंचाईत एवढीच की दरवेळी उलटं नसायचं. मधूनच एखादा शब्द सरळ यायचा, आणि मग कुणाच्या तरी पायावर गरम पाणी.

अशा माणसाने नव्या चर्चच्या दारावरचा दगड मीच कापणार म्हणून हट्ट धरला होता. धाकटीने त्यांना चामड्याचा पट्टा शिवून दिला. ती नर्स आहे, तिला बांधाबांधी येते. मेलेल्या उजव्या हाताला टाकी बांधायची आणि डाव्या हाताने हातोडी मारायची. थोरल्याने दगडावर खडूने अक्षरं आखून दिली होती, तर बाबांनी ओल्या फडक्याने पुसून टाकली. दुसऱ्याच्या वळणावर टाकी चालवणार नाही. स्वतः आखलं, स्वतः कापलं. धाकटी सोडून कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही.

आणि आज शनिवार. उद्या सकाळी बिशपसाहेब येऊन नवं चर्च देवाला अर्पण करणार. संध्याकाळच्या आत दगड दारावर चढायला हवा होता.

"चला, चहा," आत्या म्हणाली. "टाकीराव, घेणार ना?"

"नको," बाबा म्हणाले.

"बघा, घेतायत." आत्या हसत आत गेली.

सगळे हलले, पण सून हलली नाही.

ती शाळेत शिकवते. घरात तिला लाल पेन म्हणतात. दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका, औषधाची बाटली, काहीही समोर आलं की तिचे डोळे आधी वेलांटी शोधतात. तिने दगड एकदा वाचला. परत वाचला. मग तिने शब्द वाचायचे सोडले आणि अक्षरं वाचली, एकेक, पहिलीच्या पोरांसारखी.

मग तिने नवऱ्याच्या शर्टाची बाही ओढली.

"मधे अ आहे."

"कुठे?"

"सर्वच्या पुढे. आणि थ वर अनुस्वार आहे."

थोरला वळला. त्याने पाहिलं. पहिल्यांदा त्यालाही 'सर्वसमर्थाचे घर' असंच दिसलं, कारण गेले कित्येक महिने घरात तेच बोललं जात होतं. मग ते अक्षर डोळ्यापुढे आलं आणि परत मागे जाईना.

सर्व असमर्थांचे घर.

बाबा त्याच्याकडेच बघत होते. शाबासकीची वाट बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पोराकडून.

"झकास झालंय, बाबा," थोरला म्हणाला, आणि स्वयंपाकघराकडे वळला.

*

स्वयंपाकघरात आधण उकळून उकळून काळं झालं, तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

"हळू बोला," सून म्हणाली. "भिंतीपलीकडे आहेत ते."

"मी हळूच बोलतोय," पाळक म्हणाले. ते हळू बोलत नव्हते. तरुण माणूस. चर्चची मंडळी सांभाळायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि बिशपसाहेबांसमोर पहिलाच मोठा कार्यक्रम. "अहो, सर्वसमर्थ हे देवाचं नाव आहे! ज्याने आकाश उभं केलं त्याच्या दारावर आपण असमर्थ लिहायचं? लोक काय म्हणतील?"

"देवाला नाही म्हटलंय," सून म्हणाली. "अनुस्वार आहे. अनुस्वार म्हणजे अनेकवचन. देव एकच आहे, म्हणजे तो सुटला. असमर्थ आपण."

"अनुस्वारावर देव वाचला म्हणायचा," आत्या म्हणाली.

"आत्या, चेष्टा नको." थोरल्याने खुर्ची ओढली पण बसला नाही. "ऐका. तयार घासलेला दगड पडलाय माझ्याकडे, याच मापाचा. मशीनवर लावतो. रबराचा साचा कापायचा, वाळूचा मारा द्यायचा, संध्याकाळच्या आत अक्षरं तयार. दारावर तो चढवू. बाबांचा दगड आत ठेवू. वेदीच्या मागे कुठेतरी. मानाने."

"वेदीच्या मागे झाडू ठेवतात," आत्या म्हणाली.

"मग काय करू? लावू तो? आजोबांपासूनचं नाव आहे, आत्या. उद्या सगळं गाव दाराखालून जाणार आहे. एकजण जरी हसला बाबांना, तरी मी..." त्याने खुर्ची परत मागे ढकलली. "त्यांना हसलेलं मला चालणार नाही. बस्स."

त्याचंही खरं होतं. आत्याच्या मनात आलं, हा पोरगा बापावर चिडतो तेव्हा आणि बापासाठी चिडतो तेव्हा याचं तोंड एकसारखंच दिसतं, म्हणून सगळे फसतात.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मशीनचा लाव. पण त्याला सांगायचं कुणी?"

"तू."

"मी का? मी मोठी बहीण आहे, यमदूत नाही."

तेवढ्यात धाकटी आत आली, बाबांच्या चहासाठी रिकामी कपबशी घेऊन. सगळ्यांची तोंडं बघितली आणि कपबशी खाली ठेवली.

"दिसलं तर तुम्हाला," ती म्हणाली.

थोरला वळला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"कापून झाला त्या दिवसापासून. अ."

"आणि तू बोलली नाहीस? तू तिथे बसून होतीस! रोज! एक अक्षर कापायला त्यांना किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात एकदा, 'बाबा थांबा' म्हणता आलं नाही तुला?"

"नाही आलं."

"का?"

"दादा, तू तो अ नीट बघितलास का?"

"नको तेवढा बघितला."

"नाही बघितलास. आधीचे स, र्व बघ. दात लागल्यासारखे आहेत. टाकी घसरलीय, परत लावलीय, परत घसरलीय. मी बाजूला बसून रडायची, त्यांना दिसू नये म्हणून फुंकर मारल्यासारखं करायची. आणि मग तो अ आला. तो कापताना त्यांचा हात एकदम सुटला. आधीसारखा. ते हसले, दादा. पहिल्यांदा. मला कळत होतं की हा अ इथे नाही पाहिजे. पण मी त्या माणसाला थांबवू? त्या अ नंतर सगळी अक्षरं सरळ आलीयत. जाऊन बघ."

सुनेने गॅस बंद केला.

"मला एक कळत नाही," सून म्हणाली. "नुसता अ असता तर चूक. पण अनुस्वारही आहे, जागाही सोडलीय. इतकं व्याकरणात बसवून कोण चुकतं?"

पाळक एकदम उठले. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. "म्हणजे ती चूकच नाही! मुद्दाम आहे! अहो, हा संकेत आहे! देवाने त्यांच्या हातून लिहून घेतलं! उद्या मी यावरच प्रवचन..."

"खाली बसा, पाळक," आत्या म्हणाली. "देवाला लिहूनच घ्यायचं होतं तर आधी माझ्या भावाचा हात कशाला घेतला?"

"तसं नसतं, आत्याबाई..."

"मग कसं असतं?"

पाळक तरुण असले तरी प्रामाणिक माणूस. बसले.

"संकेत नाही आणि मुद्दामही नाही," धाकटी म्हणाली. "उलटं आलंय. बस्स. तोंडातून येतं तसंच हातातून आलं. ते 'सर्वसमर्थ' म्हणायला जातात आणि अख्खंच्या अख्खं उलटं येतं, व्याकरणासकट. आपण घरात रोज उलटं धरतो. दगडालाही धरता आलं असतं, पण दगड काय आपल्या घरातला नाही."

"दगडच आपल्या घरातला आहे," थोरला म्हणाला. "बाकी सगळे पाहुणे." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "ठरलं तर मग. उलटं आलंय, म्हणजे त्यांना सर्वसमर्थच म्हणायचं होतं. मी तेच कापतो. त्यांच्या मनातलंच. यात वाईट काय?"

"वाईट काही नाही," धाकटी म्हणाली. "तुला नेहमी बाबांच्या मनातलं बरोबर कळतं."

"म्हणजे?"

"मशीन घ्यायच्या वेळी बाबा काय म्हणाले होते?"

थोरल्याने ती कपबशी उचलून मोरीत ठेवली.

"'नको' म्हणाले होते," ती म्हणाली. "तू उलटं धरलंस. दुकानाच्या किल्ल्या मागितल्यास तेव्हा 'घे' म्हणाले. ते सुलटं धरलंस. तेव्हा कळलं होतं तुला कुठलं उलटं आणि कुठलं सुलटं?"

"हे बघ..."

"आम्ही पण तेच करतो, दादा. मीही करते. औषध नको म्हणाले की उलटं धरते. एकदा तरी त्यांना खरंच नको असेल की."

थोरला खुर्चीत बसला. बायकोकडे बघितलं. ती नेहमी त्याच्या बाजूने बोलायची. आज तिने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आज ती धाकटीच्या बाजूने आहे ते त्याला कळलं.

*

भिंतीपलीकडे बाबांना शब्द ऐकू येत नव्हते, फक्त आवाज. पण घरातल्या माणसांना भांडायला आत जावं लागतं तेव्हा विषय कोण असतो, ते सांगावं लागत नाही.

त्यांनी दगडाकडे पाहिलं. त्यांना तिथे सर्वसमर्थाचे घर दिसलं. दिसणारच. डोळे लबाड असतात, मनात असतं तेच वाचतात. बाप सांगायचा, कापलेलं अक्षर डोळ्याने तपासू नको, बोटाने तपास. बोटाला वाचता येत नाही म्हणून ते खोटं बोलत नाही.

डावं बोट त्यांनी पहिल्या स मध्ये घातलं. खडबडीत. र्व. खडबडीत. लाज वाटली. मग पुढच्या अक्षरात बोट गेलं आणि आपोआप सरकलं, लोण्यात जावं तसं. किती सुंदर कापलंय. दोन गोलाया, मधला दांडा, उभी रेघ.

बोट थांबलं.

परत मागे नेलं. दोन गोलाया. मधला दांडा. उभी रेघ.

अ.

त्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनी दगड पहिल्यांदा वाचला. अनुस्वारापर्यंत.

बापाच्या हातून कधी झालं नाही. त्यांच्या हातून कधी झालं नाही. आणि झालं ते कुठे, देवाच्या दारावर. तेही त्याच्या नावात.

हातोडी उचलली. डाव्या हातात ती आता बरी बसायची. अ च्या मधोमध एक घाव, दोन तुकडे, कुणाला वाचायला नको. हात वर गेला.

या हातांचा त्यांना फार गर्व होता. चर्चमध्ये सर्वसमर्थ हा शब्द आला की त्यांना कायम आपल्याच धंद्यातला एक मोठा मिस्त्री दिसायचा. जाड मनगटाचा, डोंगर फोडणारा, ज्याची टाकी कधी घसरत नाही. आपण त्याच जातकुळीचे, थोडे छोटे, एवढंच. मग झटका आला, आणि तो मिस्त्री दिसेनासा झाला.

झटक्यानंतरचे दिवस त्यांना आठवले. पडल्या पडल्या प्रार्थना करायचे. मोठ्याने. मनातल्या मनात करायची त्यांना सवय नव्हती. मनात असायचं 'मला धर'. तोंडातून यायचं 'मला सोड'. स्वतःच्या कानाने ऐकायचे आणि घाबरायचे. परत म्हणायचे, परत 'सोड'. रोज, जीव तोडून, ते देवाला सांगत होते की मला सोड.

आणि सोडलं नव्हतं.

घरातले सवय होईपर्यंत चुकत होते. अजून चुकतात. पाय भाजून घेतात. देव पहिल्या दिवसापासून चुकला नाही. त्याने त्यांचं एकदाही सुलटं धरलं नाही. डोंगर फोडायला ताकद लागते हे त्यांना माहीत होतं. पण एका मोडक्या माणसाच्या तोंडातून 'सोड' ऐकून त्याला धरून ठेवायला किती लागत असेल? आणि त्याचेही हात एकदा चालत नव्हते. क्रूसाच्या लाकडाला ठोकलेले होते. सगळ्यात मोठं काम त्याने त्याच दिवशी केलं.

हातोडी वरच होती. त्यांनी ती सावकाश दगडापाशी ठेवली आणि बोट परत अ मध्ये घातलं.

दाराशी थोरला उभा होता. मागे सगळे.

*

थोरल्याला आधी हातोडीच दिसली. "बाबा, नको," म्हणत तो पुढे धावला आणि मग थांबला, कारण बाबांचं बोट अ मध्ये होतं.

म्हणजे कळलं होतं.

"चूक," बाबा म्हणाले.

पाळक पुढे झाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "म्हणजे चूक नाही. मुद्दाम कोरलंत ना? उलटं धरायचं ना?"

बाबांनी पाळकांकडे असं बघितलं की ते एक पाऊल मागे गेले. मग त्यांनी डावा हात छातीवर आपटला, धाडकन, आणि म्हणाले, "चूक. माझी."

"अरे, असू दे रे," आत्या म्हणाली. एरवी तिच्या आवाजाने खिडक्या हलतात, आज निघतच नव्हता. "कोण म्हणतंय चूक? आम्ही सगळे सांगू मुद्दाम केलंय म्हणून. पाळकांना पण तेच हवंय. तुझं नाव राहील."

बाबांनी मान हलवली. नाही. या बाबतीत नाही. ज्याने कधी चूक बाहेर जाऊ दिली नाही तो माणूस स्वतःची चूक देवाच्या अंगावर ढकलणार नव्हता. तेवढी घमेंड अजून शिल्लक होती, आणि बरं झालं शिल्लक होती.

मग त्यांनी थोरल्याकडे बघितलं. बोट वर केलं. छताकडे नाही. वर, बाहेर, जिकडे चर्चचं दार होतं तिकडे.

"लाव," ते म्हणाले.

घरात 'लाव' म्हणजे उघड. 'लाव' म्हणजे काढ. सगळ्यांना ते पाठ होतं.

"म्हणजे काढा म्हणतायत," पाळक हळूच म्हणाले. "नका लावू म्हणतायत. हो ना? तुम्हीच म्हणता उलटं..."

थोरल्याचं मशीन कोपऱ्यात उभं होतं. घासलेला दगड त्याच्यावर टेकलेला. एक बटण दाबायचं होतं. 'लाव'चं उलटं 'काढ', बाबांनीच सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं, पाळक साक्षीला. इतकं सोपं आधी कधी नव्हतं.

तो बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला, अगदी जवळ. त्याने किती दिवसांत त्यांच्या डोळ्यांत असं बघितलं नव्हतं. तोंड काय म्हणतंय यावरच सगळं लक्ष असायचं.

"सुलटं," थोरला म्हणाला.

"काय?" पाळक.

"दोन्ही सुलटं. चूक आहे म्हणतात, ती चूक आहे. लाव म्हणतात, तर लावायचा."

"पण दारावर? चुकीचं?" पाळक खरंच कळवळले होते. "अहो, मी काय सांगू? संकेत आहे म्हटलं तर तुम्हाला चालत नाही. चूक आहे म्हटलं तर... देवाच्या घरावर चूक कशी लावायची?"

"आत दर रविवारी बाक भरून बसतात की चुका," आत्या म्हणाली. आवाज परत आला होता. "मी पहिल्या रांगेत असते. एक बाहेर लावली तर काय बिघडलं? येणाऱ्याला आधीच कळेल आत कोण कोण भेटणार ते."

सून हसली. मग धाकटी. मग पाळकांच्याही तोंडावर हसू येऊन गेलं, त्यांनी ते रुमालाने पुसलं, पण सगळ्यांनी बघितलं.

"आणि सर्वसमर्थाचं काय?" त्यांनी विचारलं. आता वाद घालायला नाही. खरंच विचारत होते. "त्याचं नावच राहिलं नाही दारावर."

सुनेने दगडाकडे बघितलं. शिकवताना बघते तसं. "असमर्थमध्ये समर्थ आहेच की, पाळकसाहेब. अख्खा आहे. एक अक्षर कमी नाही. फक्त आधी आपला अ लागतो."

पाळक ते वाचत राहिले. ओठ हलत होते.

"उद्या बिशपसाहेब विचारतील," ते शेवटी म्हणाले. "कुणी कोरलं म्हणून."

"सांगा, आमच्या बाबांनी," थोरला म्हणाला. "डाव्या हाताने. आणि चुकले म्हणूनही सांगा. नाही, तुम्ही राहू द्या, मीच सांगतो. आमच्या घरातली पहिली चूक आहे. तीन पिढ्यांत एकच. ती कुठे लावायची ते आम्ही ठरवू, आम्ही ती दारावर लावतोय." त्याची मान कशी ताठ झाली होती ते त्याला स्वतःला कळत नव्हतं. आत्याला कळलं. हुबेहूब आजोबा.

तो साखळीच्या पुलीकडे वळला. दगड उचलायला पट्टे टाकायचे, ट्रक मागे घ्यायचा, दिवस मावळायच्या आत पोचायचं. "चला, धरा रे सगळे."

"थांब!" बाबा म्हणाले.

सगळे थांबले. मग एकमेकांकडे बघितलं. हे उलटं की सुलटं? धाकटीला हसू फुटलं.

बाबांनी कुणाची वाट बघितली नाही. स्टूल पायाने ढकलत दगडापाशी आणलं, बसले, आणि उजवा हात खिशातून काढून सगळ्यांसमोर मांडीवर ठेवला. धाकटी पट्टा घेऊन पुढे झाली. थोरल्याने तिच्या हातातून घेतला. गुडघ्यावर बसला. बापाच्या मनगटाभोवती पट्टा फिरवला, टाकी नीट बसवली, बक्कल ओढलं. जमलं नाही. परत ओढलं.

"घट्ट झालं का?"

बाबांनी मान हलवली, आणि टाकीचं टोक अ च्या उभ्या रेघेत ठेवलं.

"आता काय करतायत?" पाळकांनी घाबरून विचारलं. "काढतायत?"

पहिला घाव पडला. बारीक कपच्या उडाल्या. थोरल्याने वाकून बघितलं, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

"खोल करतायत," तो म्हणाला. "रस्त्यावरून वाचता यायला हवा म्हणून."